प्राण्यांवर जीव आहे म्हणून पशुवैद्यक व्हायचंय? आधी या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की कुणी ना कुणी मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात येतं. "गल्लीतली सगळी कुत्री याच्या मागे असतात. याला जनावरांचा डॉक्टरच करायचाय." मुलाची माया खरी असते, पण मायेवरूनच निर्णय घेणं ही पहिली चूक.

आपल्याकडे या कामाचा मोठा भाग गोठ्यात असतो. रात्री दोनला फोन येतो, गाय अडलीय. खांद्यापर्यंत हात आत घालून वासराचा मुडपलेला पाय सरळ करावा लागतो. कधी वासरू जातं, कधी गाय. शेजारी उभ्या शेतकऱ्याचं घर त्याच दुधावर चालत असतं आणि त्याच्याशी बोलायचं तुम्हालाच असतं. जनावर काय दुखतंय ते सांगत नाही. मालक सांगतो, तेही अर्धवट. म्हणून मी मुलांना विचारतो, तुझा स्वभाव धीराचा आहे का? अनोळखी माणसाशी बोलता येतं का? रक्त पाहून डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल, हात चालू राहिला पाहिजे.

उपाय सोपा आहे. सुट्टीत पंधरा दिवस गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, लाळ्या-खुरकूतच्या लसीकरणाला सोबत फिरा. तिथून घरी येऊनही उद्याची वाट पाहावीशी वाटली, तर पुढचा विचार करा.

दुसरी चूक उलट्या बाजूची. शहरात पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात पैसा आहे किंवा एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, एवढंच ऐकून येणारे. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम त्या आशेवर रेटणं फार जड जातं.

अकरावीत जीवशास्त्र सोडू नका. पशुवैद्यकीय प्रवेशासाठी 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते.

प्रवेश घेतलाय आणि पहिल्याच वर्षी मन उडालंय? घाई करू नका. तेव्हा शरीररचनाशास्त्र असतं, फॉर्मेलिनच्या वासात हाडं-स्नायू पाठ करायचे. खरे रुग्ण नंतर भेटतात. गोठा नकोच वाटला, तरी प्रयोगशाळेतलं रोगनिदान, लसनिर्मिती, अध्यापन या वाटा याच पदवीतून निघतात. आणि प्रवेशाआधीच शंका असेल, तर नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे दुग्ध तंत्रज्ञान आणि मत्स्यविज्ञानाचे अभ्यासक्रमही बघा. गेल्या वर्षी एका मुलीला मी तेच सुचवलं. रक्ताला ती घाबरत होती, पण दुधाचं दही का होतं हे तासभर विचारत बसली होती.