पेटंटवाल्या वायरलेस कंपन्यांचे शेअर घेताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कोर्टाच्या पहिल्या निकालावर शेअर विकून मोकळं होणं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने क्वालकॉम या मोबाइल चिप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा शेअर घेतला होता. १६ एप्रिल २०१९ ला पेटंटच्या वादात ॲपलशी तडजोड झाली आणि शेअर एका दिवसात २३ टक्के चढला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या न्यायाधीश लुसी को यांचा निकाल आला: आधी पेटंटचा परवाना घ्या, मगच चिप मिळेल, ही कंपनीची अट बेकायदा. शेअर ११ टक्क्यांच्या आसपास आपटला. मी म्हटलं, "अरे, अपील बाकी आहे." तो म्हणाला, "काका, धंदाच बसणार म्हणतायत." आणि सगळं विकलं. ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने त्या आदेशाच्या मुख्य भागाला स्थगिती दिली, २०२० च्या ऑगस्टमध्ये निकालच फिरवला. नुसता मथळा वाचून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. निकालपत्र सगळ्यांना वाचायला खुलं असतं. निकालाच्या दिवशी मी खरेदी-विक्री करतच नाही. आधी स्थगितीचं काय होतंय ते बघतो.

दुसरी चूक पेटंट मोजण्याची. २०११ मध्ये नॉर्टेल या दिवाळखोर टेलिकॉम कंपनीची सुमारे ६,००० पेटंट साडेचार अब्ज डॉलरला गेली, म्हणजे एकेक साडेसात लाख डॉलरला. लोक हाच भाव धरून गुणाकार करत सुटले. कंपनीच विकायची चर्चा सुरू होताच पेटंटच्या परवान्यांवर कमावणाऱ्या इंटरडिजिटलचा शेअर उसळला, आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने विक्रीचा विचार सोडताच कोसळला. त्याच वर्षी तिने इंटेलला १,७०० च्या आसपास पेटंट साडेसदतीस कोटी डॉलरला विकली. भाव पडला एका पेटंटला सव्वादोन लाख डॉलरच्या आत. शिवाय 'आमचं पेटंट फाइव्ह-जीला अत्यावश्यक आहे' हे एट्सीकडे, म्हणजे टेलिकॉमची मानकं ठरवणाऱ्या युरोपीय संस्थेकडे, कंपनी स्वतःच जाहीर करते. एट्सी ते तपासत नाही. मी संख्या सोडून देतो आणि परवाना कोणी घेतलाय, करार कधी संपतोय, एवढंच बघतो.

तडजोडीची रक्कम दरवर्षीची कमाई समजू नका. ॲपलच्या तडजोडीचे ४.७ अब्ज डॉलर क्वालकॉमच्या एकाच तिमाहीत दिसले होते.

पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं, तेव्हा जुन्या थ्री-जीच्या जोरावर कंपनी घेऊ नका.

आणि आपल्याकडे पेटंट वापरल्याचे पैसे, म्हणजे रॉयल्टी, कोण वसूल करतंय, असं म्हणू नका. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लाव्हा या भारतीय मोबाइल कंपनीला पेटंटपोटी स्वीडनच्या एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यायला सांगितले.