बर्लिन मॅरेथॉन : रविवारापासून मागे मोजत या

बर्लिनची मॅरेथॉन सप्टेंबरच्या उत्तरार्धात एका रविवारी असते. रस्ता सपाट आणि हवा बहुधा गार. 2022 मध्ये केनियाच्या एलियुड किपचोगेने 2:01:09 हा तेव्हाचा विश्वविक्रम इथेच केला. मुंबई-पुण्याकडून जाणाऱ्यांचा बेत फसतो तो पायांपेक्षा कागदांमुळे आणि शेवटच्या चार दिवसांतल्या हौसेमुळे.

प्रवेशासाठी लॉटरी असते आणि ती आदल्या वर्षीच ऑक्टोबरच्या आसपास चालू असते. नाव लागलं नाही तर अधिकृत टूर कंपन्यांचं हॉटेलसह पॅकेज किंवा धर्मादाय संस्थेमार्फत प्रवेश हे मार्ग उरतात, दोन्ही महाग. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी मधे येतं, कधी गळतं, आणि बिब (छातीवर लावायचा स्पर्धक-क्रमांक) घेताना ओळखपत्राशी नाव ताडून पाहतात. बिब दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का, तेही आधी बघा. 2020 पासून नवी कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांसाठीच चालू करून मिळतात, बाकीचं आपण ॲपमधून सुरू करायचं.

प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात रद्द करता येईल असं हॉटेल धरा. शर्यत जिथून सुटते त्या टियरगार्टन बागेच्या अगदी लगत असण्याचा हट्ट नको. एस-बान (लोकल) किंवा यू-बानचं (मेट्रो) स्टेशन चालत पाच मिनिटांवर असलं की पुरे.

शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आधी करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण प्रकरण अडकलं तर 45 दिवसही लागू शकतात. शिवाय उन्हाळ्यात अपॉइंटमेंटचीच मारामारी असते. त्यामुळे एप्रिलमध्येच तारीख शोधायला लागा आणि जूनपर्यंत अर्ज देऊन मोकळे व्हा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. पॉलिसीत न मिळणाऱ्या गोष्टींची यादी वाचा; धावण्याच्या स्पर्धा त्या यादीत असतील तर दुसरी पॉलिसी घ्या. बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न आणि रजेच्या पत्रासोबत स्पर्धेच्या प्रवेशाची प्रतही जोडा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘एवढं जातोच आहोत तर स्वित्झर्लंडही करू’ म्हणून बर्लिनमध्ये चार रात्री आणि स्वित्झर्लंडमध्ये सहा रात्री ठेवायच्या, आणि अर्ज मात्र जर्मनीकडे करायचा. दोन्हीकडे पर्यटक म्हणूनच जात असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री मोजूनच बेत आखा.

सराव 16 ते 18 आठवड्यांचा, म्हणजे नेमका आपल्या पावसाळ्यातला. बुटांच्या दोन जोड्या आलटून पालटून वापरा. ओले बूट कागद कोंबून पंख्याखाली ठेवले तरी सकाळपर्यंत पुरते वाळत नाहीत. 30-32 किमीची शेवटची लांब धाव तीन आठवडे आधी उरका. दमटपणात वेग मंदावतो, त्याची धास्ती नको. मात्र घाम गाळत लिटरभर पाणी पिण्याची सवय तिकडच्या 12-15 अंशांत तशीच चालवू नका. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. उलट एखाद्या वर्षी बर्लिनही तापतं, म्हणून अंदाज शुक्रवारी पुन्हा बघा.

बुधवारी किंवा गुरुवारी पोचा. शेंगेनच्या पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं. बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांग लांबते, म्हणून फ्रँकफुर्टला विमान बदलायचं असेल तर किमान अडीच तास हाताशी ठेवा. बूट, चड्डी-बनियन, घड्याळ, सगळं केबिन बॅगेत. धावताना खायचे एनर्जी जेल द्रवातच धरतात: प्रत्येक 100 मिलीच्या आत आणि सगळे मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. तूप, पेढे, पनीर घरीच ठेवा, बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. मेतकूट, पोहे, मूगडाळ-तांदूळ चालतात, आणि शनिवारच्या रात्री मेतकूट-भातासारखं पोटाला दुसरं काही नाही.

बिब टेम्पेलहोफच्या जुन्या विमानतळावरच्या एक्स्पोत (स्पर्धेच्या प्रदर्शनात) मिळतो, स्वतः पासपोर्ट घेऊन जायचं. रविवारी मिळत नाही. शनिवारची गर्दी टाळून यू-6 मेट्रोने गुरुवारी किंवा शुक्रवारी जा. मनगटाला पट्टा बांधतात, तो रविवारपर्यंत काढायचा नाही. आंघोळीच्या वेळी कापून टाकणारे निघतात, मग पुन्हा धावपळ. शनिवारी संग्रहालयं नकोत, पाय वर करून पडा. केळी आणि पाव शनिवारीच आणा, जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिथे बसतो, तीन पिनांचा नाही.

घड्याळ साडेतीन तास मागे गेल्यामुळे पहाटे चारला आपोआप जाग येते, हे सोयीचंच. तीन तास आधी खाऊन घ्या. अंगात टाकून देता येईल असा जुना स्वेटर घाला, आपला गट सुटेपर्यंत बराच वेळ थंडीत उभं राहावं लागतं. वाटेवर निळी रेघ आखलेली असते, ती सर्वांत कमी अंतराची. तिला चिकटून धावणं गर्दीत जमत नाही, तेव्हा घड्याळात 42.195 ऐवजी 42.5 किमी किंवा जास्तच भरतील असं धरून वेग ठरवा. पाण्याच्या टेबलांपाशी पेल्यांचा सडा पडून रस्ता निसरडा होतो. पाणी शेवटच्या टेबलावरून घ्या. आणि ब्रांडेनबुर्ग गेट ही अंतिम रेषा नव्हे. कमानीतून छाती काढून सुसाट सुटलेले पुढचे साडेतीन-चारशे मीटर लंगडत जातात.

शर्यत संपल्यावर घरच्यांना भेटायला अक्षरांच्या पाट्या असतात. तिथलं एक अक्षर आधीच ठरवा, फोन लागेलच असं नाही. परतीचं विमान मंगळवारचं घ्या. थकल्या पायांनी नऊ-दहा तास एका जागी बसलं तर रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. विमानातही दर तासाला उठून चार पावलं टाका.