‘व्हिस्की’चं मूळ शोधा, मग ‘सांगली’चं

व्हिस्की हा मूळचा गेलिक शब्द. गेलिक म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडची जुनी भाषा. मूळ रूप ‘इश्क्या ब्याहा’ (uisce beatha). त्यातला पहिला तुकडाच इंग्रजीत टिकला.

आधी उच्चार पक्का करा. रोमन अक्षरं बघून ‘उइस्के बेआथा’ वाचलंत की पहिल्याच पायरीवर घसरलात. ‘आय’ आणि ‘ई’च्या मध्ये सापडलेल्या ‘एस’चा आयरिशमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या गेलिकमध्ये, श होतो आणि ‘टी-एच’चा नुसता ह. ऑनलाइन आयरिश कोशात अल्स्टर, कॉनॅक्ट, मन्स्टर या तिन्ही बोलींतले उच्चार फुकट ऐकता येतात.

मग फोड करा. इश्क्या म्हणजे पाणी. ब्याहा ही षष्ठी, जीवनाचं. क्रम आपल्या उलट. लॅटिन ‘अक्वा व्हिटे’चं हे सरळ भाषांतर. जुन्या आयरिशच्या कोशात दुसरा शब्द ‘बेथु’खाली शोधा, नाहीतर हाती काही लागणार नाही.

तिसरं काम जुनी नोंद गाठण्याचं. आयरिश शकावल्यांत (सालवार नोंदींच्या वह्यांत) १४०५ सालाखाली एक सरदार हे पेय अति प्यायल्यानं मेल्याची नोंद आहे. वर शेरा असा, की त्याच्यापुरतं ते मरणाचं पाणी ठरलं! शकावलीकारही खवचट असतात.

खरी कसोटी ध्वनिनियमाची, म्हणजे एका भाषेतल्या ध्वनीच्या जागी दुसरीत दर वेळी ठरावीक ध्वनी येतो का याची. इश्क्या आणि संस्कृत उदक एकाच मुळाचे, ब्याहा आणि जीवित एकाच. पण आयरिश ब म्हणजे संस्कृत ग किंवा ज, हे एका जोडीवर ठरत नाही. आणखी जोड्या काढा: बो–गो (गाय), ब्यो–जीव, ब्यान–जनि (स्त्री). नियम चारदा दिसला की भरवसा ठेवा. उलट ‘इश्क्या’ला ‘इश्क’ जोडाल तर फसाल. इश्क अरबी आहे, जुळतो तो फक्त कानाला.

आता हीच चाळणी घरच्या नावांना लावा. ‘सहा गल्ल्या म्हणून सांगली’ हे ठीक, पण ह गेला कुठे आणि अनुस्वार आला कुठून? ‘सतरा’वरून सातारा, तर दोन्ही ‘अ’ लांबून ‘आ’ का झाले? तसाच बदल झालेले आणखी तीन-चार शब्द मिळाले तर बोला. शिवाय नावाचं सर्वांत जुनं लेखन ताम्रपटात किंवा मोडी कागदात शोधून सालासकट टिपून ठेवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहीत नसत, त्यामुळे इकार-उकारावर तर्क बांधू नका. इतकं होईपर्यंत वहीत त्या नावापुढे ‘लोकव्युत्पत्ती’ (लोकांनी सांगितलेलं, पुरावा नसलेलं मूळ) एवढंच लिहा.