अंगावरचं दूध बंद करायचंय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हा निर्णय रात्री अडीच वाजता, बाळ रडत असताना घेणं. दूध बंद करण्यात गैर काहीच नाही. तो आईचा हक्क आहे. पण त्या वेळी बहुतेकींना खरं तर झोप हवी असते, नाहीतर दुखणं थांबायला हवं असतं. त्यावर उपाय असतात.

‘दूध पुरत नाही’ हे घरातलंच कुणीतरी म्हणतं आणि आपल्याला ते पटतं. छाती मऊ लागते, पंपाने जेमतेम निघतं, संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं. एवढ्यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही. दीडएक महिन्यानंतर छाती मऊच लागते. पहिला आठवडा सरल्यावर 24 तासांत 6 किंवा जास्त लंगोट ओले होतात का आणि वजन वाढतंय का, हे बघा. वजन अडलं असेल तर मात्र थांबू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा.

पाजताना कळ येत असेल तर बहुधा बाळ नीट धरत नाहीये. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा. गाठ आणि ताप आला तर पाजणं एकदम थांबवू नका, दूध साचून त्रास वाढतो. डॉक्टरांना दाखवा.

रजा संपली की ठाण्याहून ऐरोली-घणसोलीची लोकल धरणाऱ्या कितीतरी जणी ‘आता सगळंच बंद’ म्हणतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मधला रस्ता असतो: दिवसा वरचं दूध, सकाळी आणि रात्री अंगावरचं. कायद्याने बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत कामावर पाजण्यासाठी रोज दोन छोट्या सुट्ट्या मिळतात, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही हवं. ऑफिसला हे लेखी विचारा. काढलेलं दूध बाहेर 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात प्रवासासाठी बर्फाची पिशवी घ्याच.

बंद करायचं ठरलंच, तर कडुलिंब-मिरची लावणं, छाती आवळून बांधणं, बाळाला आजीकडे सोडून चार दिवस गायब होणं, यातलं काहीही करू नका. दर तीन-चार दिवसांनी एक वेळ कमी करा, रात्रीची शेवटी. छाती ताठली तर आराम पडेल इतकंच हाताने काढा. बाळ 6 महिन्यांच्या आतलं असेल तर गाई-म्हशीचं दूध पाणी घालून देऊ नका. डॉक्टरांना विचारून पावडरचं दूध, डब्यावरच्या मापानेच.

सल्ला कुणाकडून घेताय, तेही बघा. डब्याचा फुकट नमुना देऊ करणाऱ्याकडून तर नकोच. 1992 च्या कायद्याने त्याला बंदी आहे. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा वाशीच्या पालिका रुग्णालयात बालरोग ओपीडी आहे. तिथे स्तनपानाबद्दल थेट विचारा. जमलं तर स्तनपान समुपदेशकाला पाजताना प्रत्यक्ष बघायला सांगा, नुसत्या फोनवरच्या सल्ल्याने बाळाची पकड कळत नाही.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येत असेल, कशातच जीव रमत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोला; हा फोन मोफत आहे. आपण पाजतो हे डॉक्टरांना आधी सांगा. औषध लागलं तरी दूध तोडावंच लागेल असं नाही.