एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बी असल्यास काय काळजी घ्यावी

एचआयव्हीचे निदान झालेल्या प्रत्येकाने एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बीची लागण दाखवणारी रक्ततपासणी करून घ्यावी, कारण हिपॅटायटिस बीही रक्तातून, लैंगिक संबंधांतून आणि आईकडून बाळाला होतो आणि दोन्ही विषाणू एकत्र असले की यकृत लवकर खराब होते. इंदूरमध्ये एम. वाय. रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात आपली ही तपासणी झाली आहे का, हे संकोच न करता विचारावे.

अहवाल पॉझिटिव्ह आल्यास एचआयव्हीच्या गोळ्यांच्या डबीवरचे लेबल नीट वाचावे. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही नावे तिथे दिसली, तर तीच गोळी दोन्ही विषाणूंना आवरते. म्हणूनच लग्नकार्याला पुण्या-नाशिककडे जाताना डबीतल्या गोळ्या मोजून, परतीच्या दिवसापलीकडे पुरतील एवढ्या सोबत घ्याव्यात. त्या अचानक बंद झाल्या तर हिपॅटायटिस उसळून जिवावर बेतू शकते, आणि माझ्या मते हीच गोष्ट रुग्णांना सर्वांत कमी समजावली जाते. औषधे बदलली जात असतील, तर डॉक्टरांना हिपॅटायटिस बीची आठवण अवश्य करून द्यावी. मद्य वर्ज्य करावे.

अहवाल निगेटिव्ह असेल आणि हिपॅटायटिस बीविरुद्धची प्रतिकारशक्ती आधीपासून नसेल, तर त्याची लस घ्यावी. एचआयव्ही असलेल्यांना मात्रा अनेकदा वाढवून द्यावी लागते. जोडीदार व मुलांचीही तपासणी करावी.