‘नाइस’ या शब्दाचे मूळ कसे शोधावे

इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती शोधण्याचा सराव करायचा असेल, तर अवघड शब्दाऐवजी ‘नाइस’सारखा तोंडात घोळून गुळगुळीत झालेला शब्द घ्यावा.

आधी कोश नीट निवडावा. विद्यार्थ्यांच्या कोशात आज सर्वाधिक रूढ असलेला अर्थ बहुधा आधी दिलेला असतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी निघाली, अर्थ कालक्रमाने लावलेले असून प्रत्येकाखाली जुन्या लेखनातील उतारे सालांसह दिलेले असतात. अर्थाआधी खंजिराचे बारीक चिन्ह दिसले, तर तो अर्थ लोपला आहे असे समजावे. ‘नाइस’च्या नोंदीत असे खंजीर पुष्कळ आहेत, आणि वाचण्याजोगा भाग तोच आहे.

हा शब्द १३००च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता; पुढे तो नखरेल, चोखंदळ, काटेकोर अशी वळणे घेत अठराव्या शतकात ‘छान’पर्यंत पोहोचला. काटेकोरपणाची छटा अद्याप टिकून आहे, त्यामुळे ‘नाइस डिस्टिंक्शन’चे भाषांतर ‘छान फरक’ असे करू नये. तिथे ‘सूक्ष्म भेद’ अभिप्रेत असतो. अर्थ इतका पालटलेला पाहून बिचकण्याचे कारण नाही, कारण संस्कृतात मुख्यतः आसक्ती सुचवणारा ‘राग’ आपण मराठीत संतापासाठी वापरतो.

त्यानंतर फ्रेंचच्या मागे जावे. लॅटिन ‘नेस्कियुस’ म्हणजे अजाण: ‘ने’ म्हणजे नाही, आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. ‘सायन्स’ याच ‘स्कीरे’वरून आला. इथे मराठी वाचकाला ‘स्कीरे’ची सांगड ‘ज्ञा’ धातूशी घालण्याचा मोह होतो, परंतु ‘ज्ञा’चे सख्खे नाते इंग्रजीतील जाणणे या अर्थाच्या ‘नो’शी आहे, ‘स्कीरे’च्या मुळाशी कापणे, वेगळे करणे ही कल्पना असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात, म्हणून तो ‘छिद्’च्या कुळात बसतो. अर्थ जुळतो एवढ्यावर नाते जोडू नये. ध्वनींचे नियमित बदलही जुळावे लागतात.

आद्याक्षरांच्या गोष्टी तर सरळ बाजूला ठेवाव्यात. ‘न्यूज’ हा शब्द चार दिशांच्या इंग्रजी नावांवरून बनला, असे शाळेत अनेकांनी ऐकलेले असते. प्रत्यक्षात तो ‘न्यू’चे अनेकवचन असून त्याचा अर्थ ‘नव्या गोष्टी’ एवढाच आहे.