उपाशी ई. कोलाय आणि मायनस ऐंशीची चावी

ई. कोलाय या जिवाणूच्या स्टेशनरी फेजवर, म्हणजे अन्न संपून वाढ थांबते त्या टप्प्यावर, प्रोजेक्ट मिळाला की बरेच जण हिरमुसतात. क्रिस्परसारखी जनुकांची कापाकापी नाही, काही नाही, नुसतं कल्चर (द्रवात वाढवलेले जिवाणू) उपाशी ठेवायचं आणि प्लेटांवरच्या कोलन्या, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके, मोजत बसायचं. मीही हिरमुसलो होतो. वर चार महिने वाया घालवले.

लॅग, लॉग, स्टेशनरी, डेथ हा जिवाणूंच्या वाढीचा आलेख तुम्ही एफवायपासून काढत आलाय, तो परत सांगत नाही. 'अमिनो आम्लं संपली की रेल-ए, बाकी उपासमारीला स्पॉट-टी' ही नेट परीक्षेच्या नोट्समधली ओळही पाठ असेल (रेल-ए, स्पॉट-टी ही एन्झाइमं). परीक्षेत ती मार्क देते, फ्लास्कसमोर काही देत नाही. (असल्या नोट्सवर माझा राग आहे, समजून घ्या.) त्यापेक्षा घटना डोळ्यांसमोर आणा. रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रथिनांच्या कारखान्यात, अमिनो आम्ल न आणताच त्याचा हमाल टीआरएनए येऊन बसतो, ते रेल-एला कळतं आणि ते पीपीजीपीपी हा इशारा देणारा रेणू बनवायला लागतं. कॅशेल आणि गॅलंट यांना १९६९ मध्ये क्रोमॅटोग्रामवर हाच अनोळखी ठिपका दिसला होता, म्हणून त्याचं नाव पडलं मॅजिक स्पॉट. हा रेणू वाढला की पेशी नवीन रायबोसोम बनवणं आवरतं घेते. दुकान बंद करायचं ठरलं की आधी माल मागवणं थांबवतात, तसं. दुसरीकडे आरपीओएस साठतं, म्हणजे उपासमारीची जनुकं चालू करणारं प्रथिन. खाऊनपिऊन सुखी असताना ते तयार होताच तोडलं जातं, उपाशीपोटी टिकतं. त्याच्या हुकमावरून डीपीएस प्रथिन डीएनए घट्ट बांधतं, पेरॉक्साइड फोडून बुडबुडे काढणारं कॅटॅलेज एन्झाइम वाढतं, पेशी आखूड आणि गोलसर होते.

एक गोष्ट लगेच सांगतो. एलबी या नेहमीच्या माध्यमात ठेवलेल्या कल्चरला 'ग्लुकोजची उपासमार' म्हणू नका. एलबीत साखर नावालाच असते, ई. कोलाय त्यात अमिनो आम्लांवर जगतो आणि पीएच ९ च्या आसपास चढतो. ग्लुकोजच संपवायचं असेल तर एम-९ हे क्षार आणि मोजकी साखर असलेलं माध्यम घ्या आणि ग्लुकोज इतकं कमी घाला की सगळ्यात आधी तेच संपेल. मुलाखतीत मला हे विचारलं गेलं आणि मी गप्प बसलो होतो.

आता माझा खड्डा. एलबीतलं वाइल्ड टाइप, म्हणजे मूळ, न बिघडलेलं कल्चर १२ दिवस शेकरवर ठेवलं. मिलीला साधारण ३०० कोटी पेशी होत्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी धडाधड मेल्या, ३ कोटींवर आल्या आणि तिथेच थांबल्या. मी वहीत ऐटीत लिहिलं, 'स्ट्रेस रिस्पॉन्समुळे १ टक्का पेशी तगल्या.' पुढचा प्रयोग पेरॉक्साइडचा होता. मूळ साठा मायनस ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये, त्याची चावी ज्यांच्याकडे ते दिवाळीच्या सुट्टीवर, म्हणून बाराव्या दिवसाच्या प्लेटवरची कोलनी उचलली आणि तीच 'वाइल्ड टाइप' म्हणून वाढवली. सिनियर म्हणाला, 'चालतंय रे, बग तोच आहे.' या 'चालतंय रे'पासून लांब राहा.

बग तोच नव्हता. माझा वाइल्ड टाइप पेरॉक्साइडमध्ये जनुक बिघडलेल्या म्यूटंटसारखा पटापट मरायला लागला. मी पेरॉक्साइडची बाटली बदलली, बफर बदलला, पिपेट कॅलिब्रेट करून घेतलं. शेवटी एका ज्युनिअरने बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलसारखा दोन कोलन्यांवर पेरॉक्साइडचा थेंब टाकला. मायनस ऐंशीतून नव्याने काढलेली सोड्यासारखी फसफसली. माझीवर चार आळशी बुडबुडे आले. सिक्वेन्सिंगमध्ये आरपीओएसचं जनुकच बिघडलेलं निघालं.

आलेख सपाट राहिला म्हणजे त्याच पेशी तग धरून आहेत असं नाही. आत घराणं बदललेलं असतं. मेलेल्या ९९ टक्क्यांमधून अमिनो आम्लं बाहेर पडतात. ज्यांचं आरपीओएस ढिलं पडलंय ते बंदोबस्तात कमी अडकतात, ती जास्त चांगली वापरतात आणि वाढतात. एकीकडे मरण, एकीकडे जन्म, बेरीज तेवढीच. १९९३ मध्ये झँब्रानो, कोल्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १० दिवसांच्या कल्चरमधल्या मूठभर पेशी एक दिवसाच्या कल्चरमध्ये सोडल्या तर म्हाताऱ्या तरुणांना हुसकावून लावतात. त्याला गॅस्प म्हणतात, म्हणजे स्टेशनरी फेजमध्ये वाढीत मिळणारी आघाडी. मी तो पेपर वाचलेला होता. सेमिनारही दिला होता!

तुम्ही करून बघणार असाल तर म्हाताऱ्या बाजूला स्ट्रेप्टोमायसिनला आणि तरुण बाजूला नॅलिडिक्सिक आम्लाला दाद न देणारा स्ट्रेन घ्या, म्हणजे प्लेटवर दोन्ही वेगळे ओळखता येतील, आणि या खुणा उलट करूनही प्रयोग करा. नाहीतर फरक वयाचा की खुणेचा, कळणार नाही. पेरॉक्साइडचा थेंब थेट कोलनीवर टाका. नायक्रोमचा लूप बुडवलात तर बुडबुडे तारेमुळेही येतात. फ्लास्कचं वजन पहिल्या दिवशी लिहून ठेवा आणि जितकं पाणी उडेल तितकं निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटर घाला.

सुरुवातीला दोन जुळ्या प्लेटांत १२० आणि २१० कोलन्या येतील. रडू नका, महिन्याभरात हात बसतो. गाईडला मात्र पीपीटीतला आलेख दाखवून सुटू नका, प्लेटाच नेऊन दाखवा. आलेखात सगळ्या कोलन्या सारख्याच दिसतात. प्लेट हातात घेऊन उजेडाकडे धरणारा गाईड मिळाला तर त्याचं बाकी सगळं सहन करा.

आणि मायनस ऐंशीची चावी कुणाकडे असते, ते रुजू झाल्या दिवशीच विचारा. आमच्याकडे आता दुसरी चावी माझ्याकडे आहे. दिवाळीत मला फोन येतात.